मैदान सुटल्यावर



कॉलेजच्या संघात तीन वर्षे खेळलेला मुलगा चौथ्या वर्षी कुठे असतो? तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांच्या शाळेत ढालींचे कपाट असेल, भिंतीवर विजयी संघाचा फोटो असेल. त्यातल्या मुलांची नावे तुम्ही धडाधड सांगाल. पण आज त्यांतला कोण काय करतो, हे कितीजणांविषयी सांगता येईल?

आधी दूरदेशीची गोष्ट सांगतो, म्हणजे जवळची सांगताना कोणाकडे बोट दाखवल्यासारखे होणार नाही. अमेरिकेत कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडची जत्रेतली कुस्तीच समजा; गावेच्या गावे लोटतात. ओमाहा शहरातल्या क्रेटन विद्यापीठाने १९७८ साली केविन रॉस नावाचा एक उंचपुरा मुलगा संघासाठी घेतला. चार वर्षे तो खेळला. १९८२ साली बाहेर पडला तेव्हा हाती पदवी नव्हती, आणि वाचन म्हणाल तर फारच कच्चे. मग हा गडी शिकागोला मार्व्हा कॉलिन्स या शिक्षिकेच्या शाळेत गेला आणि लहान मुलांच्या वर्गात बसून वाचायला शिकला. लाज गिळून त्या वर्गात बसणे मला कोणत्याही सामन्यापेक्षा मोठे वाटते. पुढे त्याने विद्यापीठावर दावा लावला. १९९२ साली वरिष्ठ न्यायालय म्हणाले, शिक्षण वाईट दिले एवढ्यावरून दावा चालणार नाही. पण अभ्यासात मदत करू असे ठरलेले वचन मोडले असेल, तर त्याची सुनावणी होऊ शकते.

तोवर त्या देशात एक कायदाही झाला होता. बिल ब्रॅडली आणि टॉम मॅकमिलन हे दोघे कॉलेजात बास्केटबॉल खेळून मोठे झालेले, नंतर संसदेत गेलेले. त्यांच्या खटपटीने १९९० साली असे ठरले की, आपल्या खेळाडूंपैकी कितीजण पदवी पुरी करतात हे कॉलेजांनी जाहीर करावे. सामने किती जिंकले हे सगळेच मोजत होते. मुले किती पार पडली, तेही आता मोजावे लागले.

आता आपल्याकडे या. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, आणि परतल्यावर कुस्त्या करून प्राचार्यांचे घर सोडवायला पैसे जमवले. गुरुशिष्यांची ही गोष्ट आपण आवडीने सांगतो. त्यापुढचे फारसे सांगत नाही. १९५५ साली ते फौजदार झाले, पोलीस खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली, म्हणजे मरणानंतर सोळा वर्षांनी! आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन आहे. ठीक आहे, पण हार घालायला माणूस जिवंत असावा लागत नाही, विचारपूस करायला असावा लागतो.

आमच्या एटापल्लीकडे बास्केटबॉलचे नाव फारसे नाही. इथला खेळ कबड्डीचा, व्हॉलीबॉलचा आणि धावण्याचा. आश्रमशाळांच्या स्पर्धांतून मुले-मुली पुढे येतात, त्यांतली काही कॉलेजात पोचतात. मग एखाद्या वर्षी हजेरीपटावरचे नाव गळते. मार्च-एप्रिलात मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. घरी हात लागतो. कोणी सुरजागडच्या खाणीवर काम पाहतो. बरेचजण पोलीस भरतीच्या मागे लागतात. तिथे १६०० मीटर धावण्यात ही पोरे कोणाला ऐकत नाहीत, अडतात ती लेखी परीक्षेत.

असाच एक जुना धावपटू मला बाजाराच्या दिवशी भेटला. राज्यस्तरावर धावलेला. म्हटले, "प्रमाणपत्र कुठे आहे रे?" म्हणाला, "घरी हाय सर, पेटीत." सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे त्याने ऐकले होते. पण नुसते प्रमाणपत्र चालत नाही, ते विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून पडताळून घ्यावे लागते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्या जाहिरातीची तो वाट पाहत होता, तिची मुदत आठ दिवसांपूर्वी सरली होती. वयाची अटही जवळ आली होती. खेळात तो कमी पडला नव्हता. एक कागद कमी पडला.

म्हणून शिक्षक मित्रहो, एक वही घाला. शंभर पानी पुरे. एका खेळाडूला एक पान. नाव, गाव, जन्मतारीख, कोणती स्पर्धा, प्रमाणपत्राचा क्रमांक, पडताळणी झाली की नाही. प्रमाणपत्राची एक नक्कल शाळेतच ठेवा. घरच्या पेटीला वाळवी लागते. गावात फोनला रेंज नसेल, तर रेंज असलेल्या जवळच्या नातेवाइकाचा किंवा दुकानदाराचा नंबर लिहा. मुलींच्या पानावर माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही गावे हवीत, नाहीतर लग्नानंतर पान कोरे राहते. वर्षातून दोनदा, रोवणी आटोपल्यावर आणि मोहफूल सुरू होण्याआधी, पाने चाळा आणि बाजाराच्या दिवशी त्या गावच्या माणसाला गाठून विचारा.

आणि ऐकणाऱ्या आईबापांनो, पोराच्या पेटीत असला कागद असेल तर आज रात्रीच काढून पाहा. त्यावरची तारीख वाचता येत नसेल, तर उद्या जवळच्या शाळेतल्या मास्तरांकडे घेऊन जा.