गळ्यातले मडके
(निर्मळ, तालुका वसई येथे केलेले भाषण)



आम्ही पडलो गावशाळेचे मास्तर. चित्रकलेवर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? पण एका चित्राने आमची झोप उडविली, ते तुम्हांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

चित्र नागपूरच्या सवींद्र सावरकरांचे. आडनाव ऐकून चमकू नका. हे चित्रकार दलित समाजातले, नागपूर-बडोद्यास शिकून दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिक्षक झालेले. त्यांच्या चित्रांत एक माणूस पुन्हापुन्हा येतो. त्याच्या गळ्यात मडके असते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने थुंकी भुईवर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधावे, पावले पुसण्यास कमरेला केरसुणी लावावी, असा दंडक होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरच्या न झालेल्या भाषणात, तो नमूद केला आहे. आम्ही तो वर्गात कैक वेळा सांगितला. मुलांनी वहीत उतरविला, आम्ही बरोबरची खूण केली, संपले! चित्र दाखविले त्या दिवशी मात्र एक कुंभाराचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, त्याची मान दुखत असेल." इतक्या वर्षांत त्या मानेचा विचार आमच्या मनास शिवला नव्हता.

आणि ते मडके घडविले कोणी? पेशव्याने खचित नव्हे. आपल्यासारख्याच कुणा कष्टकऱ्याने ते चाकावर चढविले असेल. तेव्हा पेशव्यांस चार शिव्या हासडून आपण मोकळे होतो असे कोणी समजू नये.

आपल्याच जिल्ह्यातले पाहा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे ह्यांनी वारल्यांची भिंतीवरची चित्रे कागदावर आणून साऱ्या जगास दाखविली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आता ती चित्रे आपल्या दिवाणखान्यात टांगलेली असतात, लेकीसुनांच्या पदरावरही असतात. मात्र भातकापणीस आलेला वारली गडी चहा कुठे बसून पितो, कशातून पितो, ते ज्याने त्याने आठवावे.

आम्ही मुलांस म्हटले, "तुम्ही पाहिलेले मडके काढा." बहुतेकांनी पुस्तकातलेच काढले. एका मुलीने पडवीच्या वळचणीला खोचलेला कानतुटका कप काढला. घर कुणाचे, हे आम्ही विचारले नाही. तसला कप आमच्याही वळचणीला होता, आणि त्यात वरून, हात न लावता, चहा ओतण्याचे काम लहानपणी आमच्याकडेच असे.