मानद पदवीला पैसे पडत नाहीत



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत अध्यक्षताईंनी 21 हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला, विचारलं तर लाजतच म्हणाल्या, "अगं, मला मानद डॉक्टरेट मिळतेय. फोन आला होता. फक्त नोंदणीचे पैसे भरायचेत."

ताई सातवी शिकलेल्या. गावातल्या दारूबंदीसाठी, मुलींच्या शिक्षणासाठी त्या किती झटल्या ते आम्ही पाहिलंय. आनंद झाला, पण पैशाचं खटकलं. म्हणून चौकशी केली. तेच आज सांगते.

मानद पदवी म्हणजे परीक्षा न घेता, केलेल्या कामाचा मान म्हणून विद्यापीठानं दिलेली पदवी. आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत कुलगुरूंना त्यासाठी आधी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, मान्यता घ्यावी लागते. मग व्यवस्थापन परिषद नावाची शिफारस करते. ती अधिसभेपुढे जाते. हजर सदस्यांपैकी निदान दोन तृतीयांश जणांनी होकार दिला, तरच ठराव मंजूर. एवढ्या चाळण्यांतून नाव जातं. ज्याचा मान करायचा, त्यानंच पैसे भरायचे, अशी पायरी यात कुठंच नाही.

विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांना 1942 साली बनारस हिंदू विद्यापीठानं अशी पदवी दिली. 'सेवा' संघटनेच्या इलाबेन भट्ट यांनी फेरीवाल्या, विडी वळणाऱ्या बायकांना एकत्र आणलं. त्यांना 2001 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं गौरवलं. आधी काम, मग मान.

आणखी एक. 1956 च्या कायद्यानुसार आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्यानं स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठांना आणि संसदेनं तसा अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. कुठल्याही ट्रस्टला किंवा मंडळाला नाही. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग जाहीर करतो. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला मोबाईलवर ती बघायला सांगा. आणि खरी मानद पदवी मिळाली, तरी नावापुढे 'डॉ.' लावू नये असा संकेत आहे.

हे ऐकून ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कुणीतरी आपलं नाव घेतलं, याचंच बरं वाटलं होतं गं."

चूक आमचीही होती. इतक्या वर्षांत आम्ही त्यांचं काम कधी लिहून ठेवलं नव्हतं. त्याच बैठकीत त्यांच्या अभिनंदनाचा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. कर्जाचा अर्ज ताईंनी मागे घेतला.

तुम्हाला असा फोन आला, तर पैसे भरण्याआधी गटात बोला. आणि आपल्यातल्या कामाच्या बाईचं कौतुक आपणच आधी करा.