झिजलेला मणका आणि दाबली गेलेली नस



मणक्यांच्या झिजेवरील उपचारांचा विचार करताना झिजलेला मणका आणि दाबली गेलेली नस हा भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे, आणि परिषदेतील पुढील चर्चा त्याच्याच आधारे व्हावी अशी अध्यक्षपदावरून विनंती आहे. दोन मणक्यांमधील चकती, जिला लोक गादी म्हणतात, वयानुसार आपले पाणी गमावते, तिची उंची घटते, मागील सांधे जाड होतात. आणि हे सारे घडूनही असंख्य माणसांना त्याचा पत्ता लागत नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची एमआरआय तपासणी झाली, तेव्हा कमरेच्या सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के आढळले. एवढे ठाऊक असूनही अहवालातील ‘फुगवटा’ हेच निदान मानून उपचार ठरवला जातो, ही आजची सर्वांत चिंतेची बाब होय.

बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली चकतीचा निसटलेला भाग नसेच्या मुळावर दाब आणून पायात कळ उतरवतो, हे दाखवून दिले, आणि या शाखेचा आधुनिक इतिहास तेथून सुरू झाला. तो दाब काढण्याचे काम शस्त्रक्रिया आजही उत्तम करते. मात्र नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना, शस्त्रक्रियेविना थांबून पाहिलेल्यांपेक्षा, आराम लवकर पडला, तरी वर्षाअखेरीस दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखी झाली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्याच अभ्यासाचे सांगणे आहे. म्हणून घाई आणि टाळाटाळ या दोहोंपैकी कोणतीही भूमिका सरसकट घेता येत नाही. लघवीवरील ताबा सुटणे, जांघेत व बसण्याच्या जागेत बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, अशा वेळी मात्र एक दिवसही वाया घालवणे अक्षम्य ठरते.

वृद्धांमध्ये मज्जारज्जूची नलिका अरुंद होते, काही पावले चालताच पाय भरून येतात आणि पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर बरे वाटते. येथे मागील हाड काढून नसांना जागा करून देणे पुरेसे असते की स्क्रू व सळ्या बसवून मणके जोडावेत, हा प्रश्न गेली अनेक वर्षे वादाचा आहे. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोडणीची भर घातल्याने दोन वर्षांनंतरही अधिक लाभ दिसला नाही, उलट रक्तस्राव, रुग्णालयातील मुक्काम आणि खर्च वाढला. त्याच सुमारास ६६ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात जोडणीच्या बाजूने थोडा कल दिसला, पण नॉर्वेतील २६७ रुग्णांच्या २०२१ च्या अभ्यासाने मणका सरकलेल्या रुग्णांतही केवळ दाब काढणे कमी ठरत नाही असे दाखवले. स्पष्ट अस्थिरता नसताना केलेली जोडणी या पुराव्यापुढे टिकत नाही.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांबाबतही संयम हवा. सायटिकात त्यांनी काही काळ वेदना कमी होऊ शकते, परंतु अरुंद नलिकेच्या ४०० रुग्णांवरील २०१४ च्या अभ्यासात नुसत्या बधिरतेच्या औषधाच्या तुलनेत सहा आठवड्यांनी त्यांचा लाभ नगण्य होता.

परिषदेपुढे एकच ठराव मांडावयाचा आहे : शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात रुग्णाला समजेल अशा मराठीत, पायाची कळ कमी होण्याची शक्यता किती, कंबरदुखी उरण्याची शक्यता किती, आणि शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हे शस्त्रवैद्याने स्वतः लिहावे आणि ते कुटुंबीयांसमोर वाचून दाखवावे.