रुग्णशय्येजवळचा रेडिओ

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात, कासारसाई येथे, प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात माझ्या वाट्याला जमाखर्चाचे निवेदन येते. ते अहवालाच्या पुढील पानांवर छापलेले आहे आणि लेखापरीक्षकांनी तपासलेले आहे, त्यामुळे त्यावर मी अधिक बोलण्याचे कारण नाही. यंदा अध्यक्ष महोदयांनी रुग्णसेवेतील एखाद्या अनुभवावर बोलण्याची आज्ञा केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाचा मला अधिकार नाही, संगीताचा तर मुळीच नाही. तरीही मी रेडिओचा विषय निवडला आहे; त्यातही वयोवृद्ध मंडळींना प्रिय असणाऱ्या, हलक्या आवाजात जुनी मृदू गाणी ऐकवणाऱ्या रेडिओचा. कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती आपणापुढे सांगणे मला योग्य वाटते.

ध्वनिप्रदूषणासंबंधी २००० साली झालेल्या नियमांप्रमाणे रुग्णालयाभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. नियम वाचला की तो अमलात आणावासा वाटणे हा माझ्या पेशाचा गुण म्हणा वा दोष म्हणा. मी माझ्या सहीची एक सूचना सर्व वॉर्डांत लावली : रुग्णांनी रेडिओ, टेपरेकॉर्डर आदी वैयक्तिक उपकरणे आणू नयेत. त्याच सुमारास पुरुषांच्या वॉर्डासाठी एक मोठा दूरदर्शन संच देणगीदाखल आला होता. ते देणगीदार आज येथे उपस्थित आहेत आणि त्यांच्या संमतीनेच मी हे सांगत आहे. वॉर्डात करमणुकीची सोय झालेलीच आहे, मग प्रत्येकाच्या उशाशी खरखरणारा ट्रान्झिस्टर कशाला, असा माझा हिशेब होता.

पावसाळ्याचे दिवस होते. धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले एक आजोबा खुबा मोडल्याने दाखल झाले. त्यांच्या पिशवीत धोतरजोडी, चुन्याची डबी आणि रबरबँडने झाकण बांधलेला एक ट्रान्झिस्टर होता. सूचनेप्रमाणे तो काढून घेण्यात आला आणि माझ्या कार्यालयाच्या कपाटात ठेवण्यात आला. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. मात्र तिसऱ्या रात्री आजोबांची शुद्ध हरपल्यासारखी झाली. दिवंगत पत्नीला ते हाका मारू लागले, गोठ्यात जायचे म्हणून पलंगावरून उतरू लागले. रात्रपाळीच्या सिस्टरांनी आणि वॉर्डातल्या मामांनी वेळीच धरले म्हणून दुसरे हाड मोडायचे वाचले.

डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितले की, वृद्ध रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम होणे विरळा नाही. वेदना, जंतुसंसर्ग, काही औषधे, अपुरी झोप अशी त्याची अनेक कारणे असतात. त्यात आणखी एक भर पडते ती म्हणजे काळवेळाचे भान सुटणे. चष्मा नाही, श्रवणयंत्र नाही, खिडकी दूर, भिंतीवरचे घड्याळ दिसत नाही. अशा माणसाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळेनासा होतो. सिस्टर सहज म्हणाल्या, "सर, पहिल्या दिवसापासून ते एकच विचारत होते, किती वाजले म्हणून." घरी ते घड्याळ वापरत नसत. पहाटेची भक्तिगीते, सकाळच्या प्रादेशिक बातम्या, दुपारचा गाण्यांचा कार्यक्रम आणि रात्रीचे छायागीत, हेच त्यांचे घड्याळ होते. ते मी कपाटात कुलूपबंद करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तो संच त्यांना नेऊन दिला. त्या रात्री वीज गेली होती. दूरदर्शन संच बंद होता आणि वॉर्डात फक्त आपत्कालीन दिवा जळत होता. आजोबांनी कानाशी धरून सुई हलवली, विविध भारती लागली, आणि ते शेजारच्या पलंगाकडे वळून म्हणाले, "दहा झाले. झोपा आता." ते बरे झाले ते डॉक्टरांच्या उपचारांमुळे, रेडिओमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण माझी ती सूचना मी त्याच आठवड्यात उतरवली.

त्यानंतर या विषयाचा थोडा मागोवा घेतला. आज जे ऐंशीच्या घरात आहेत, त्यांचे बालपण आणि तारुण्य आपल्या आकाशवाणीबरोबरच वाढले आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, याच केंद्रावरून गीतरामायणाच्या प्रसारणाला आरंभ झाला. सीताकांत लाड यांची ती कल्पना, ग. दि. माडगूळकरांची शब्दरचना आणि सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, ५६ गीते लोकांनी ऐकली. ज्यांच्या घरी संच नव्हता ते शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसत. म्हणजे पहिल्यापासूनच रेडिओ ऐकणे ही चारचौघांत मिळून करायची गोष्ट होती.

हिंदी चित्रपटगीतांची कथा अधिक मनोरंजक आहे, आणि तिच्या मध्यभागी पुण्यातच जन्मलेले एक गृहस्थ आहेत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी सुई फिरवली आणि थेट सिलोन गाठले. १९५२ मध्येच रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावे झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती जन्माला आली. आपल्या श्रोत्याला काय आवडावे हे मंत्र्याने ठरवले, श्रोत्याने ते ऐकले नाही. माझ्या सूचनाफलकाची आठवण मला येथे होते, एवढेच म्हणतो.

हिशेबनीस म्हणून आणखी एक तारीख सांगण्याचा मोह आवरत नाही. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती घेण्यास सुरुवात झाली, ती मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून.

आता मूळ प्रश्न. वृद्ध माणसाला हीच गाणी का हवीशी वाटतात? ती जुनी म्हणून, असे उत्तर आपण सहज देतो. स्मृतीचा भाग त्यात आहेच. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत ठळक राहतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ वेळा नोंदवले आहे, आणि त्या वयात ऐकलेले गाणे त्या आठवणींसकट परत येते. पण दुसरे कारण कानाचे आहे. ते आमच्या कान-नाक-घसा विभागाच्या डॉक्टरांनी मला सांगितले. वयोमानाने बहिरेपणा येतो तो सर्व स्वरांना सारखा येत नाही. आधी उंच पट्टीचे स्वर जातात, आणि त्यांच्याबरोबर स, श, फ, थ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. अशा कानावर भरगच्च वाद्यमेळ आणि जोरकस ठेका आदळला की शब्द पार बुडून जातो. जुन्या भावगीतांत आणि चित्रपटगीतांत गाणाऱ्याचा आवाज पुढे असे, वाद्ये त्याच्या मागे असत, लय सावकाश असे आणि शब्द स्वच्छ उच्चारलेला असे. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत सारे बसवायचे, त्यामुळे पाल्हाळही नसे. वृद्धाला ते आवडते याचे एक साधे कारण असे की ते त्याला कळते. नव्या गाण्यांविषयी नापसंतीचा सूर काढणाऱ्या आजोबांना आपण हेकट ठरवतो. पुष्कळदा तो त्यांच्या कानांचा प्रामाणिक जबाब असतो.

येथे एक खुलासा करायला हवा. मृदू संगीत म्हणजे काय, याचे उत्तर सर्वांचे एक नसते. शेजारच्या साखर कारखान्याच्या गळीत हंगामात ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबांतली म्हातारी माणसे आपल्याकडे येतात. त्यांतल्या एका आजींना भावगीतात रस नव्हता. त्यांना पखवाजासह भजन हवे होते, तेही मोठ्याने. आमच्या मुळशीतल्या पुष्कळ शेतकऱ्यांना गाण्यांपेक्षा शेतीविषयक कार्यक्रम आणि पावसाचा अंदाज यांतच अधिक समाधान मिळते. वॉर्डात कोणाची आवड चालवायची, यावरून सिस्टरांना रोज न्यायनिवाडा करावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी सर्वांना पटतो असे नाही.

२०१७ साली सारेगामा कंपनीने जुन्या रेडिओच्या घाटाचा 'कारवाँ' नावाचा संच आणला. त्यात ५,००० जुनी गाणी आधीच भरलेली असतात. परदेशी असलेल्या मुलामुलींनी आईवडिलांसाठी तो मोठ्या आवडीने पाठवला. आपल्याकडे दाखल झालेल्या एका शिक्षिकाबाईंकडेही तो होता. त्यांनी तो आनंदाने वापरला, पण दोन-तीन दिवसांनी त्या शेजारणीचा रेडिओ मागू लागल्या. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "यात गाणी आहेत, पण माणूस नाही." रेडिओवर निवेदक नमस्कार करतो, वार आणि वेळ सांगतो, कुठल्या गावच्या कोणी हे गाणे मागितले ते वाचून दाखवतो. फर्माइशींच्या पत्रांमुळे झुमरी तलैया हे गाव आपण न पाहताच सर्वांच्या ओळखीचे झाले. 'आपली आवड'मध्ये स्वतःच्या गावाचे नाव यावे म्हणून पोस्टकार्ड टाकणारी मंडळी या सभागृहातही असतील. आपण न मागितलेले गाणे दुसऱ्या कोणासाठी लागते आणि ते आपणही त्याच घटकेला ऐकतो, यात जी सोबत आहे ती स्वतः निवडलेल्या गाण्यात मिळत नाही. पलंगावर खिळलेल्या माणसाला ही सोबत किती मोलाची, ते त्या बाईंनी मला एका वाक्यात सांगितले.

अमेरिकेत अशा संगीताच्या केंद्रांना 'सॉफ्ट अ‍ॅडल्ट कंटेम्पररी' असे व्यापारी नाव आहे. ओळखीची, सौम्य, कानाला न टोचणारी गाणी हा त्यांचा माल. परंतु तेथील जाहिरातदारांचे लक्ष प्रामुख्याने २५ ते ५४ या वयोगटावर असते. त्यापुढचा श्रोता कितीही निष्ठेने ऐको, त्याच्या ऐकण्याला बाजारभाव कमी. धंद्याच्या दृष्टीने हा हिशेब मला कळतो. पण ज्याच्याकडून परतावा नाही त्याची सेवा करायची, म्हणूनच आपला न्यास स्थापन झाला आहे, आणि तो त्याच कारणासाठी आपल्या देणग्यांवर चालतो.

आपल्यापैकी काहीजण विचारतील की याचा रुग्णाला प्रत्यक्ष उपयोग काय. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान वा नंतर संगीत ऐकलेल्या रुग्णांना वेदना आणि चिंता कमी जाणवली, वेदनाशामक औषधेही कमी लागली, असा त्याचा निष्कर्ष आहे. रुग्णालयातील मुक्काम मात्र त्याने कमी झाला नाही. म्हणजे आपल्या खर्चात यामुळे बचत दाखवता येणार नाही, हे मी कोषाध्यक्षांना आधीच सांगून ठेवले आहे.

इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकापासून रुग्णालयांची स्वतःची छोटी नभोवाणी केंद्रे चालत आली आहेत. स्वयंसेवक वॉर्डावॉर्डांतून फिरून रुग्णांची पसंती लिहून घेतात आणि ती गाणी लावतात. आपला आवाका तेवढा नाही. सध्या आपल्या दोन्ही वॉर्डांत प्रत्येकी एक संच आहे, तो ठरावीक वेळांनाच आणि शेजारच्या पलंगाला त्रास होणार नाही इतक्याच आवाजात लावला जातो. अत्यवस्थ रुग्ण असेल तर बंद राहतो. ज्याला नको त्याच्या 'नको'ला पहिला मान. इअरफोनचा प्रयोग आम्ही करून पाहिला. बहुतेक वृद्धांना तो टोचतो, आणि श्रवणयंत्र असेल तर लावताही येत नाही.

नातेवाईकांना माझी विनंती आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखल करताना कागदपत्रे, चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र यांबरोबर त्यांचा नेहमीचा रेडिओही आणावा. नवा नको, सवयीचाच आणा. त्याची सुई कुठे थांबते हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते. सेल मात्र नवे घालून आणावेत. दाखल करतेवेळी कार्यालयात त्याची नोंद करून पावती घ्यावी, म्हणजे घरी सोडताना घोटाळा होणार नाही. आणि देणगीदारांना हे सांगतो की पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात 'रेडिओचे सेल व दुरुस्ती' असे एक नवे खाते आपल्याला दिसेल. रक्कम अगदी किरकोळ आहे. ते खाते मी स्वतःच्या हाताने उघडले आहे.