वॉर्निंग बंद करण्याआधी एक ओळ वाचा

हेडफोन लावलेत ना? आज कोडबद्दल बोलायचंय. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो.

आधी थोडक्यात, लिंटर म्हणजे काय? तुम्ही लिहिलेला कोड न चालवता नुसता वाचून "इथे गडबड वाटतेय" असं सांगणारा प्रोग्राम. १९७८च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' लिहिला. लिंट म्हणजे कपड्यांना चिकटणारा सुताचा भुगा. तो झटकून टाकायचा, एवढंच काम. रस्ट भाषेत हेच काम 'क्लिपी' करतो. जुन्या ऑफिसमधली ती मध्ये मध्ये बोलणारी कागदाची क्लिप आठवते? नाव तिच्यावरूनच.

क्लिपीकडे सातशेहून जास्त नियम आहेत. ते गटांत विभागलेत. 'करेक्टनेस' गटातले नियम मोडले तर तो थेट एरर देतो. 'स्टाइल' किंवा 'परफॉर्मन्स'वाले फक्त वॉर्निंग देतात. 'पेडँटिक' आणि 'रिस्ट्रिक्शन' मुळात बंदच असतात, हवे ते आपण चालू करायचे. रिस्ट्रिक्शन गट सरसकट चालू करू नका, असं क्लिपीचं डॉक्युमेंटेशनच सांगतं.

आता माझी गोष्ट. नोकरीत नवीन होतो, उत्साह भरपूर. रिस्ट्रिक्शनमधला एक नियम मी चालू केला: 'अनरॅप' वापरू नका. अनरॅप म्हणजे काय, तर "डब्यात वस्तू आहेच, उघड आणि दे" असं म्हणणं. डबा रिकामा निघाला की प्रोग्राम तिथेच पॅनिक होतो. नियम चांगलाच होता. पण आमच्या टेस्टमध्ये अनरॅप जागोजागी होतं, आणि टेस्टमध्ये ते चालतंच. तिथे काही चुकलं तर टेस्ट पडायलाच हवी ना! झालं, स्क्रीनभर वॉर्निंग. दोन दिवसांत सगळे वैतागले. एका सहकाऱ्याने मुख्य फाइलच्या डोक्यावर 'अलाऊ' लिहिलं आणि नियम सगळीकडे बंद. रिव्ह्यू माझ्याकडे आला. मी बघितलं आणि अप्रूव्ह केलं. मलाही शांतता हवी होती.

पुढे काय झालं, तुम्ही ओळखलं असेल. रात्रीचा जॉब, समोरच्या सिस्टिमकडून एक फील्ड रिकामं आलं, नव्या कोडमध्ये अनरॅप, आणि पहाटे फोन. सकाळी ग्राहकांचे हिशेब तयार नव्हते. ती ओळ क्लिपीने नक्की पकडली असती. आपणच त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं.

मग कळलं की उपाय एका ओळीचा होता. 'क्लिपी डॉट टॉमल' नावाची फाइल असते. त्यात 'अलाऊ अनरॅप इन टेस्ट्स' हे ट्रू करायचं. बस! टेस्टमधला गोंगाट गेला आणि खऱ्या कोडमधल्या अकरा जागा तेवढ्या उरल्या. अकरा जागा माणूस चहा पिता पिता बघू शकतो. आठ दुरुस्त केल्या.

उरलेल्या तिनांचं काय? तिथे अनरॅप खरंच बरोबर होतं. अशा वेळी 'अलाऊ'ऐवजी 'एक्स्पेक्ट' लिहा. २०२४ मध्ये रस्ट १.८१ पासून हे मिळतं, आणि सोबत कारणही लिहिता येतं. यातली खरी मजा म्हणजे, पुढे कोणी तो कोड बदलला आणि तक्रारीचं कारणच उरलं नाही, तर कंपायलर सांगतो, "ही सूट आता नकोय, काढा." म्हणजे सवलत कायमची चिकटून राहत नाही.

अजून दोन गोष्टी. एका फंक्शनला सातपेक्षा जास्त आर्ग्युमेंट्स दिले की क्लिपी कुरकुरतो. तो आकडा बदलता येतो, पण बदलण्याआधी टीमशी बोला. नाहीतर दर महिन्याला तो एकाने वाढेल. दुसरी गोष्ट, नको असलेल्या नावांची यादी तुम्ही स्वतः दिलीत की क्लिपीची मूळ यादी पुसली जाते. ती ठेवायची असेल तर आपल्या यादीत अवतरणचिन्हांत दोन टिंबंही द्यायची. हे न कळल्यामुळे नियम गुपचूप सैल होतात.

तेव्हा पुढच्या वेळी वॉर्निंगचा राग आला की स्वतःला विचारा: नियम चुकीचा आहे, की तो चुकीच्या जागी लागतोय? बहुतेक वेळा जागा चुकलेली असते. नियम मारू नका, त्याची हद्द आखा.

आणि हो, रिव्ह्यूमध्ये सगळा नियम बंद करणारी एक ओळ दिसली, तर अप्रूव्ह दाबण्याआधी "का?" एवढं विचारा. मी विचारलं नव्हतं.

चला, पुढच्या भागात भेटूया. काळजी घ्या!