पॉइंट टू-टू रायफलची निवड

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. तेव्हापासून बीरगांव-उरला परिसरातील आपल्या मुलांनाही नेमबाजीचा ध्यास लागला आहे, आणि रायफल कोणती घ्यावी, असे पालक आम्हांस विचारतात.

त्या स्पर्धेतील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे. गोळी सुमारे ५.६ मिलिमीटरची. अशा सूक्ष्म कामाला हाताने बोल्ट मागेपुढे करण्याची रायफलच शोभते, कारण बार उडताना तिच्यात हालणारे भाग कमी असतात. नळी निर्दोष हवी, हे खरेच. पण दस्ता खांद्याला व गालाला जुळणे आणि चाप दर वेळी सारख्याच दाबाने सुटणे, हे आम्ही दुकानातील झगमगाटाहून मोलाचे मानतो. काडतुसांचेही तसेच. एकाच कारखान्याच्या दोन खेपा एकाच रायफलीतून निराळ्या पडतात. म्हणून रायफल घट्ट आवळून प्रत्येक खेपेच्या दहा-दहा गोळ्या झाडाव्यात. ज्या खेपेची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतील, तीच घ्यावी. (साठा परवान्याच्या मर्यादेतच, हे सांगणे नलगे.)

गावाकडे शेती असलेले काहीजण हीच रायफल रानडुकरांसाठी मागतात. त्यांस आमचा स्पष्ट नकार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवानगीवाचून ती शिकार गुन्हा ठरते. शिवाय ही हलकी गोळी डुकराला बहुधा नुसते जखमी करून सोडील.

पॉइंट टू-टूला १९५९ च्या शस्त्र कायद्याचा परवाना लागतो. तो हाती येईपर्यंत मुलांनी १० मीटरवर एअर रायफलीचा सराव करावा.