निरोपाची वही: मोबाइल, संगणक आणि खाते

(विलेपार्ले, मुंबई येथे जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत मुंबईकर मित्रमंडळींच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकीत वाचून दाखवावा.)



2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग आठ-दहा दिवसांतच ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. आपले बोंड फुटायच्या आत भाव पाडायची तजवीज झाली. त्याच हंगामात सीसीआयने खरेदीसाठी 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी लावली. मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल हमीभाव कागदावर होता. पण तो पदरात पडायचा तर आधी मोबाइलवर नोंद, मग तारीख, मग गाडी. ज्याला निरोप उशिरा मिळाला, त्याचा कापूस खेडा खरेदीत गेला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. निरोप उशिरा का मिळाला, याच्यावर मात्र कोणी बोलत नाही, म्हणून आज आम्ही त्यावर बोलणार आहोत.

आपल्या चळवळीला पत्त्याचे महत्त्व नव्याने सांगायला नको. शरद जोशी शेतीत उतरण्याआधी भारतीय टपाल सेवेत होते, नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत. जुने कार्यकर्ते सांगतात, गावागावाची नावे लिहिलेली वही हीच तालुक्याची ताकद. पोस्टकार्ड टाकायचे, एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी द्यायची, बाजाराच्या दिवशी तोंडी सांगायचे. आता ती वही मोबाइलमध्ये गेली. वाईट काही नाही. पण पूर्वी वही फाटली तर दिसत होती. मोबाइलमधली वही फाटते ती कळतच नाही.

मोबाइलमध्ये नाव घातले की ते तीनपैकी एका जागी जाऊन बसते. एक, सिमकार्डावर. तिथे साधारण अडीचशे नावांची जागा असते. नाव आणि नंबर एवढेच मावते. दोन, मोबाइलच्या स्वतःच्या पोटात. मोबाइल विहिरीत पडला की नावेही विहिरीत. तीन, खात्यात, म्हणजे गूगलच्या किंवा आयफोनवाल्यांच्या आयक्लाउडच्या खात्यात. खात्यातले नाव इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकावर राहते आणि त्याची प्रत तुमच्या मोबाइलवर असते. तेच खाते आम्ही इथे पार्ल्यात संगणकावर उघडले की तीच नावे इथे दिसतात. यवतमाळला तुम्ही एक नंबर बदलला की मोबाइलला रेंज मिळताच तो इथेही बदलतो. इथे आम्ही गावाचे नाव दुरुस्त केले की तुमच्या खिशात दुरुस्त होते. याला सिंक म्हणतात.

सातबाराशी ताडून पाहा. तलाठ्याकडे नोंद, तुमच्याकडे उतारा. फरक एवढाच की तुम्ही उताऱ्यावर पेनाने खाडाखोड केलीत तर तलाठ्याची नोंद बदलत नाही. इथे मात्र उताऱ्यावर केलेली खाडाखोड थेट मूळ नोंदीत जाते, विनाफेरफार, विनानोटीस. सोय त्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे.

धोका आधी सांगतो. पुष्कळांची समजूत अशी की नावे खात्यात आहेत म्हणजे जपून ठेवलेली आहेत. तसे नाही. सिंक म्हणजे बियाण्याची कोठी नव्हे. पोराने खेळता खेळता पन्नास नावे पुसली, तर ती पार्ल्याच्या संगणकावरूनही पुसली जातात. गूगलच्या खात्यात पुसलेली नावे 30 दिवस कचरापेटीत राहतात, आणि संगणकावर खाते उघडले तर गेल्या 30 दिवसांतल्या कोणत्याही वेळेच्या स्थितीवर पूर्ण वही मागे नेता येते. महिना उलटला की संपले. म्हणून महिन्यातून एकदा संगणकावरून सगळी यादी वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घ्यायची आणि ती पेन ड्राइव्हवर ठेवायची. शिवाय कागदावर छापायची. कागदाला आम्ही आजही मानतो. त्याला चार्जिंग लागत नाही.

दुसरी गोष्ट. नवीन नाव कुठे जतन व्हावे हे मोबाइलला आधी सांगून ठेवावे लागते. न सांगता घातलेली नावे बरेचदा मोबाइलच्या पोटात नाहीतर सिमवर जातात, आणि माणूस निर्धास्त असतो. नावांच्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन जतन करायची जागा म्हणून खाते निवडा. सिमवरची जुनी नावे 'आयात' करून खात्यात आणा. ज्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यांची नावे तालुक्याच्या कार्यकर्त्याने आपल्या मोबाइलवर घालावीत. साध्या फोनवाला शेतकरी यादीतून गळता कामा नये; बहुधा ज्याला निरोपाची सगळ्यात जास्त गरज असते तोच तो असतो.

आता नावे कशी लिहायची. देशात पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने आखला. ते संस्कृतचे कवीही होते. पिनकोड का लागला? एकाच नावाची गावे ढिगाने, पत्ते लिहिण्याच्या भाषा अनेक, अक्षर लागत नाही. आपल्या मोबाइलमध्ये नेमके तेच झाले आहे. एका जिल्ह्यात पिंपळगाव किती, आणि 'संजय कापूस', 'संजय 2', 'संजय नवीन' यातला आपला संजय कोणता? पार्ला पूर्व म्हटले की 400057 आणि पश्चिम म्हटले की 400056, इथे घोळ होत नाही. तसे आपणही करू: आधी नाव, मग आडनाव, मग गाव, मग तालुका. सगळे देवनागरीत. अर्धी यादी इंग्रजीत नि अर्धी मराठीत असेल तर एकच माणूस दोनदा येतो आणि शोधायला गेले तर एकदाही सापडत नाही. नंबरच्या आधी +91 घाला. जानेवारी 2021 पासून साध्या टेलिफोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. +91 असले की मोबाइलवरून कुठूनही लागतो. दुहेरी नावे एक करण्याची सोय गूगलच्या खात्यात आहे, पण ती डोळे झाकून वापरू नका. बाप-लेकाचा नंबर एकच असतो, यंत्राला ते कळत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल एक सांगायचे राहील. ग्रुपमध्ये माणूस आहे म्हणजे तो वहीत आहे असे नाही. ग्रुप मोडला की नंबर गेले. आणि ब्रॉडकास्टचा निरोप फक्त त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये घातला आहे. कार्यकर्ता म्हणतो, दोनशे जणांना पाठवला. पोचतो साठ जणांना. तेव्हा प्रत्येक गावात तालुका प्रतिनिधीचा नंबर उतरवून घ्यायला लावणे हे आपल्याकडे असलेल्या नंबरांइतकेच महत्त्वाचे.

वही जिवंत ठेवायची तर नंबर मरतात हेही ओळखावे लागेल. सलग 90 दिवस सिम वापरले नाही तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर पुन्हा किमान 90 दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात जातो. जुलै 2024 मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा घरटी दोन सिम असणाऱ्यांनी एक सोडून दिले. ज्वारीची सुगी आटोपेपर्यंत रिचार्ज टाकला नाही, की गेला नंबर. मग संघटनेचा निरोप भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच माणसाला जातो. त्यापेक्षा वाईट म्हणजे बँकेचा ओटीपी त्याला जातो. म्हणून वर्षातून दोनदा, पेरणीआधी आणि वेचणीआधी, यादीतल्या प्रत्येक नंबरवर एक फोन. इंटरनेटची खातीही मरतात. गूगलने डिसेंबर 2023 पासून दोन वर्षे न उघडलेली खाती काढून टाकायला सुरुवात केली आहे.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. तुमच्या मोबाइलमधली यादी तुमची एकट्याची नाही. तीत तुमच्या साडूचा, विहिणीचा, शाळामास्तराचा नंबर आहे. झटपट कर्ज देणारी ॲप लोकांनी घेतली, घेताना 'परवानगी द्या' वर बोट ठेवले आणि अख्खी यादी सावकाराच्या घशात गेली. हप्ता थकला की फोन कर्जदाराला नाही, विहिणीला! गावात अब्रू काढायची, हाच त्यांचा वसुलीचा धंदा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये कर्ज देणाऱ्या ॲपनी मोबाइलमधली नावांची यादी, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावू नये असे निर्देश दिले. निर्देश आहेत, पण ते न जुमानणारी चोरटी ॲपही आहेत. कापसाचे चुकारे अडकले, बँकेने दारात उभे केले नाही, की माणूस त्या ॲपकडे वळतो. कर्जाचे मूळ भावातच आहे, हे आम्ही वेगळे सांगत नाही. पण तुमच्या मोबाइलमध्ये संघटनेची यादी असेल, तर असल्या ॲपला परवानगी देणे म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या घरांचे दार उघडणे. सेटिंगमध्ये परवानग्या तपासा आणि नावांची परवानगी ज्याला गरज नाही त्याची काढून घ्या. पैशाची फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

हा 1930 आकडा पार्लेकरांच्या कानाला ओळखीचा आहे. 1930 साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी इथे विलेपार्ल्यात होती आणि तिच्या पुढाऱ्यांत वर्ध्याचे जमनालाल बजाज होते. कापसाच्या मुलखातला माणूस पार्ल्यात येऊन लढला, तेव्हा कापसाच्या मुलखातली आम्ही पोरे पार्ल्यात बसून तुमची यादी सांभाळतो यात नवल काही नाही.

व्यवस्था अशी ठरली आहे. प्रत्येक जिल्ह्याचे संघटनेचे एक वेगळे खाते. कोणाच्या खाजगी खात्यात संघटनेची नावे नकोत. माणूस रुसला, गेला किंवा वारला तर यादी त्याच्याबरोबर जाते. खात्याची किल्ली जिल्ह्यात दोघांकडे, त्यात एक बाई असावी. पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. दोन टप्प्यांची खातरजमा चालू ठेवायची, आणि ती दोघांपैकी ज्याच्या नंबरवर लावली आहे त्याने सिम बदलण्याआधी पार्ल्याला कळवायचे. दोघांच्या मोबाइलवर हे खाते दुसरे खाते म्हणून जोडायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही इथल्या संगणकावर यादी उतरवून घेऊ, दुहेरी नावे काढू आणि शंका असलेल्या नंबरांचा कागद जिल्ह्याला पाठवू. तो कागद तालुक्याच्या बैठकीत वाचायचा, खूण करायची आणि परत द्यायचा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना जुन्या वह्या सोबत आणा. फाटक्या असल्या तरी आणा. ज्यांचे मोबाइल पोरांच्या हातात असतात त्यांनी पोरांनाही आणा. नावे भरायला तीच उपयोगी पडतील, आपल्यापेक्षा त्यांचे बोट जलद चालते.